स्पॅनिशमध्ये 'जसजसं… तसतसं' कसं म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की 'जसजसा अंधार पडत गेला तसतसे लोक जात गेले' हे स्पॅनिशमध्ये 'कोमो' लावून लिहिलं तर ते चूक का. चूक अशासाठी की मध्ये इंग्रजीचं 'ॲज' आलं आणि 'ॲज' म्हणजे 'कोमो' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण 'कोमो ओस्कुरेसीआ' अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याला 'अंधार पडत होता म्हणून' असं कळतं, म्हणजे तुम्ही कारण सांगताय, दोन गोष्टी बरोबरीने बदलत गेल्या हे त्यात येतच नाही.

इथे 'आ मेदीदा के' हवं. आ मेदीदा के ओस्कुरेसीआ, ला खेन्ते से इबा येन्दो. 'कोन्फोर्मे' किंवा 'सेगून' पण चालतं, त्यांना 'के' लावू नका. 'तसतसं'साठी मात्र वेगळा शब्द नाही, दुसरा भाग नुसताच येतो.

आता ते 'से इबा येन्दो' नीट बघा, कारण मला सगळ्यात आवडतं ते हेच! 'इबा' हे पण जाणे, 'येन्दो' हे पण जाणे, म्हणजे शब्दशः आपलं 'जात गेले'. 'इर' (जाणे, 'इबा' हे त्याचंच रूप) आणि पुढे -आन्दो किंवा -येन्दोवालं रूप, हे आपलं '-त जाणे'च आहे, 'बोय एन्तेन्दिएन्दो' म्हणजे मला हळूहळू समजत चाललंय. हे मला कळलं तेव्हापासून मी अशी वाक्यं इंग्रजीतून न्यायचं बंदच केलं, मराठीतून सरळ जातात.

पण भविष्यकाळात मराठीच फसवते. 'जसजसं वाचत जाशील तसतसं कळत जाईल', आपण दोन्हीकडे भविष्यकाळ लावतो आणि मी पण कितीतरी महिने तसंच लिहायचो. स्पॅनिशमध्ये 'आ मेदीदा के'च्या बाजूला सब्जंक्टिव्ह, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं वेगळं रूप, लागतो: आ मेदीदा के बायास लेयेन्दो, इरास एन्तेन्दिएन्दो. पहिल्या भागात 'इरास' हे भविष्यकाळाचं रूप अजिबात नाही. भूतकाळात घडलेलं किंवा नेहमी घडणारं असेल तर साधं रूप, जसं वर 'ओस्कुरेसीआ' आलंय.

'जितकं जास्त… तितकं जास्त' म्हणायचं असेल तर मग जोडी येते: क्वान्तो मास लेओ, मास एन्तिएन्दो. पुढे नाम आलं की 'क्वान्तो' त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, 'क्वान्तास मास पालाब्रास' (जितके जास्त शब्द) वगैरे. लॅटिन अमेरिकेत 'मिएन्त्रास मास' आणि मेक्सिकोत 'एन्त्रे मास' पण ऐकाल, परीक्षेत मात्र 'क्वान्तो'च लिहा.

आणि 'एन ला मेदीदा एन के' दिसलं तर ते हेच आहे असं समजू नका, ते प्रमाणाबद्दल आहे: एन ला मेदीदा एन के पुएदा, ते आयुदारे, म्हणजे मला जमेल तितकी मदत करीन.