नदीच्या प्रदूषित गाळातून मिळालेला, प्रदूषकाचे विघटन करणारा जीवाणू नवीन प्रजातीचा आहे हे कसे ठरवतात?

हे त्याच्या विघटनक्षमतेवरून नव्हे, तर संपूर्ण जनुकसंचाची जवळच्या ज्ञात प्रजातींशी तुलना करून ठरवतात. जीवाणूंच्या ओळखीसाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस आरआरएनए या जनुकाचे साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नवी प्रजाती असण्याची दाट शक्यता असते. मात्र साम्य त्याहून जास्त असले तरी जनुकसंचांतील सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य (डीएनएच्या घटकांचा क्रम सरासरी किती जुळतो ते) ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रजाती वेगळी मानली जाते. नावाला अधिकृत मान्यता मिळण्यासाठी प्रातिनिधिक वाण (प्रजातीचा नमुना मानला जाणारा जिवंत संवर्ध) दोन वेगवेगळ्या देशांतील जीवाणूसंग्रहांत जमा करावा लागतो.

विघटनाचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो, आणि घाई बहुधा येथेच होते. प्रदूषक हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या माध्यमात पेशींची संख्या वाढली आणि प्रदूषक घटला, एवढे पुरेसे नाही. प्रदूषक विघटित न होता पेशींना चिकटला किंवा बाष्परूपाने उडून गेला असण्याची शक्यता वगळण्यासाठी मृत पेशींची आणि पेशीविरहित माध्यमाची तुलनात्मक चाचणी आवश्यकच आहे. विघटनाच्या मधल्या टप्प्यांत तयार होणारी संयुगे ओळखता आली, तर पुरावा भक्कम होतो.

एक मर्यादा लक्षात घ्यावी: विघटनाची जनुके अनेकदा प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरील लहान, स्वतंत्र डीएनएवर) असतात आणि एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, त्यामुळे एका वाणात आढळलेली क्षमता संपूर्ण प्रजातीची मानता येत नाही.