मार्गदर्शक कुत्री आणि घरमालकाची अट

प्रश्न : आम्ही अमेरिकेत भाड्याने राहतो. माझे यजमान अंध असून त्यांच्याजवळ प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्री आहे. नव्या घराचे मालक म्हणतात, ‘इमारतीत पाळीव प्राण्यांना बंदी आहे, ठेवायचीच असेल तर जादा अनामत भरा.’ हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. घर देताना भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये १९८८ साली अपंगत्वाचा समावेश झाला आणि अपंग भाडेकरूसाठी नियमांत वाजवी सवलत देणे घरमालकांवर बंधनकारक झाले. मार्गदर्शक कुत्री पाळीव प्राणी ठरत नसल्यामुळे ती बंदी तिला लागू होत नाही आणि तिच्यापोटी अनामतही मागता येत नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून जी आपल्या धन्याला सावध करते, तिला हौसेच्या प्राण्यांत मोजणे मला अन्यायाचेच वाटते.

सवलतीची मागणी लेखी करा, तारीख घाला आणि प्रत जपून ठेवा. तोंडी मागणीही ग्राह्य असते, पण वाद झाल्यास कागदच उपयोगी पडतो. यजमानांचे अंधत्व उघड दिसत असताना मालकांनी वैद्यकीय कागदपत्रांचा आग्रह धरू नये. तरीही नकार मिळाला, तर अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नागरी विकास विभागाकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र मालक स्वतः राहत असलेल्या, चारपर्यंत घरांच्या इमारतींना या कायद्यातून बहुतांशी सूट आहे. तसे असल्यास राज्याचा कायदा पाहावा लागेल. कुत्रीमुळे घराचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास त्याची भरपाई मात्र तुम्हालाच करावी लागेल.