एमआरआयमध्ये न दिसणारी कुशिंगची गाठ (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली, शरीरात कॉर्टिसॉल वाढवणारी) सीआरएच (पिट्युटरीला चेतवणारं संप्रेरक) देऊन पेट स्कॅनमध्ये दिसते का?

काही रुग्णांत दिसते, पण वेळ साधावी लागते. रक्तातल्या जादा कॉर्टिसॉलमुळे निरोगी पिट्युटरी पेशी दबलेल्या असतात, त्यामुळे सीआरएचला मुख्यतः गाठच प्रतिसाद देते. गाठीतून येणारं एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारं संप्रेरक) काही मिनिटांत वाढतं. पेटमध्ये दिसणारं ग्लुकोज शोषण मात्र सुमारे 4 तासांनी वाढतं. म्हणून आधी सीआरएच शिरेतून, मग काही तासांच्या अंतराने एफडीजी (पेटसाठी दिलं जाणारं किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य). दोन्ही एकदम दिल्यास फायदा हुकतो, आणि नेमकं हेच सहज दुर्लक्षित होतं. गाठ 3-4 मिमीची असेल तर पेटचं रिझोल्युशनही तोकडं पडतं. प्रतिमा पातळ कापांच्या एमआरआयवर जुळवूनच वाचावी. तरीही ही पद्धत अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. एसीटीएच पिट्युटरीतूनच येतंय याची खात्री पेट्रोसल सायनस सॅम्पलिंगनेच (पिट्युटरीतून रक्त वाहून नेणाऱ्या शिरांमधून नमुने घेऊन) करावी: सीआरएचनंतर मध्यवर्ती-परिघीय गुणोत्तर (तिथल्या आणि हातासारख्या दूरच्या शिरेतल्या एसीटीएचचं) किमान 3.