‘प्रभूने मला चालवले’ : हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे. चर्चमधल्या उपासनेत साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांपुढे सांगताना, एका बहिणीने ‘या निर्णयात प्रभूने मला चालवले’ असे म्हटले. नंतर मराठी शिकवणाऱ्या एका परिचितांनी तिला टोकले : चालवतात ते वाहन किंवा दुकान, माणसाला कोणी चालवत नाही, ‘प्रभूने मला मार्गदर्शन केले’ असे म्हणावे. तिच्या शंका दोन. ‘चालवले’ हे चुकीचे मराठी आहे का? आणि चुकीचे नसेल, तर ‘मार्गदर्शन केले’ यापेक्षा त्याचा अर्थ वेगळा होतो का?

पहिल्या शंकेला फार वेळ लागू नये. चुकीचे अजिबात नाही. माणसाने देवाविषयी बोलताना ‘चालवणे’ वापरणे मराठीत शेकडो वर्षे रुळलेले आहे. तुकोबांचा अभंग सर्वांना पाठ असतो :

जेथे जातो तेथे तू माझा सांगाती ।
चालविसी हाती धरूनिया ॥
चालो वाटे आम्ही तुझाचि आधार ।
चालविसी भार सवे माझा ॥

दोनच कडव्यांत ‘चालविसी’ दोनदा आले आहे. पहिल्यांदा हात धरून, दुसऱ्यांदा ओझे घेऊन. मधे ‘चालो वाटे आम्ही’ आहे, म्हणजे चालणारे आम्ही. ‘तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो’ अशा अर्थाचे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ‘चालवणे’ सहज येते, त्याला ही भाषिक पार्श्वभूमी आहे.

दुसरा पुरावा मराठी पवित्र शास्त्रातला. तेविसाव्या स्तोत्रातला मेंढपाळ ‘आपल्या नामासाठी मला नीतिमार्गांनी चालवतो’. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, ‘जितक्यांना देवाचा आत्मा चालवतो तितके देवाचे पुत्र आहेत.’ देवाचे लेकरू कोणाला म्हणावे याची ओळखच तिथे या क्रियापदाने सांगितली आहे. तेव्हा शब्दाला आधार हवा असेल तर तो भक्कम आहे.

मग त्या शिक्षकांच्या कानाला तो का खटकला असावा? एक कारण ‘चालक’ या शब्दाच्या प्रवासात आहे. ‘जगाचा चालक’, ‘विश्वाचा चालक’ असे देवाला सहज म्हटले जाई. आज ‘चालक’ म्हटले की स्टिअरिंगवर बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ‘चालवणे’ हेही यंत्राशी जोडले गेले आहे. हा बदल खरा आहे, पण त्यामुळे जुना अर्थ मेलेला नाही. ‘आजोबांना हाताला धरून चालवले’ हे वाक्य आजही कोणाला विचित्र वाटणार नाही.

व्याकरणाकडे जरा थांबून पाहू, कारण मला या प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग तिथे दिसतो. ‘चालणे’पासून ‘चालवणे’ होते, जसे ‘हसणे’पासून ‘हसवणे’ आणि ‘निजणे’पासून ‘निजवणे’. यांना प्रयोजक क्रियापदे म्हणतात. त्यांचा विशेष असा, की मूळ क्रिया जो करतो तो वाक्यातून नाहीसा होत नाही. आई बाळाला निजवते, पण झोप लागते ती बाळाला. आईला त्याच्या वतीने झोपता येत नाही. ‘प्रभूने मला चालवले’ या वाक्यात चालण्यामागचे कर्तेपण प्रभूचे आहे, आणि तरीही पाय माझेच उचलले गेले आहेत. गाडीच्या बाबतीत असे काही नसते. गाडीला चालायचे किंवा न चालायचे ठरवता येत नाही. म्हणून ‘गाडी चालवली’ आणि ‘मुलाला चालवले’ या दोन वाक्यांत क्रियापद एक असले तरी नाते एक नाही. त्या ‘ला’ मध्ये समोरचा जिवंत आहे, त्याला मन आहे, हे मराठी भाषा नोंदवून ठेवते.

बत्तिसाव्या स्तोत्रात हाच फरक फार सुंदर रीतीने आला आहे. ज्या मार्गाने तुला गेले पाहिजे त्याचे शिक्षण देईन, तुझ्यावर दृष्टी ठेवून सांगेन, असे देव म्हणतो. आणि लगेच पुढच्या ओळीत बजावतो की घोड्यासारखे, खेचरासारखे होऊ नका, त्यांना लगाम घालून आवरावे लागते. देवाला माणसाला लगामाने ओढत न्यायचे नाही. होशेयाच्या अकराव्या अध्यायात देव एफ्राइमाविषयी, म्हणजे इस्राएल लोकांविषयी, बोलतो ते चित्र याहूनही जवळचे आहे : मीच त्याला चालायला शिकवले, हाताला धरून. तुकोबांचे ‘हाती धरूनिया’ आणि होशेयाचे हे शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचावेत.

आता दुसरी शंका : ‘मार्गदर्शन’. हा शब्दही शास्त्रात परका नाही. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ‘तो तुझा मार्गदर्शक होईल’ असे वचन आहे, आणि पंचविसाव्या स्तोत्रात दावीद ‘तुझे मार्ग मला दाखव’ अशी प्रार्थना करतो. तेव्हा कोणी ‘मार्गदर्शन’ म्हटले तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नये. पण दोन्ही शब्द एकाच मापाचे नाहीत. मार्गदर्शन म्हणजे मार्ग दाखवणे. दाखवणारा दाखवून बाजूला झाला तरी ते पूर्ण होते. पुढे मी त्या वाटेने गेलो की नाही, वाटेत पडलो की उठलो, हे त्या शब्दात येत नाही. ‘चालवणे’ मात्र दोघे वाटेवर असल्याशिवाय घडतच नाही.

मूळ भाषांकडे पाहिले तरी हे दिसते. तेविसाव्या स्तोत्रात ज्या हिब्रू धातूसाठी ‘चालवतो’ आले आहे, तो ‘नाहा’ म्हणजे नेणे, सोबत घेऊन जाणे. निर्गमाच्या तेराव्या अध्यायात इस्राएल लोक मिसरातून निघतात तिथेही तोच धातू आहे. योहानाच्या सोळाव्या अध्यायात सत्याच्या आत्म्याविषयी येशू जे ग्रीक क्रियापद वापरतो, त्यात ‘वाट’ आणि ‘नेणे’ हे दोन्ही शब्द जोडलेले आहेत. मराठी भाषांतरकारांनी तिथे दोन्ही अंगे सांभाळली : ‘तो तुम्हांला मार्ग दाखवून सर्व सत्यात नेईल.’

निर्गमातला तो प्रसंग या चर्चेत फार उपयोगी पडतो. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, तरी देवाने लोकांना त्या वाटेने नेले नाही. कारणही दिले आहे : लढाई दिसली तर त्यांचे मन फिरेल आणि ते मिसराला परत जातील. म्हणून त्यांना तांबड्या समुद्राकडच्या रानातून वळसा घालून नेले. नुसता मार्ग दाखवायचा असता तर जवळचा मार्ग दाखवणे योग्य ठरले असते. पण चालवणाऱ्याला चालणाऱ्याची ताकद पाहावी लागते, त्याची भीती ओळखावी लागते. ज्यांना वळसा घ्यावा लागला त्यांना त्या वेळी हे कारण उमगले होते असे तिथे लिहिलेले नाही. आपल्या आयुष्यातल्या लांबलेल्या वाटांकडे पाहताना मला हा उतारा नेहमी आठवतो, आणि तो वाचून धीर येतो.

‘चालवणे’ या शब्दात थांबणेही येते, हे ऐकायला विसंगत वाटेल. गणना या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात निवासमंडपावरचा, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूवरचा, मेघ वर उचलला गेला की लोक तळ हलवत आणि मेघ थांबला की थांबत. तो मुक्काम दोन दिवसांचा असो, महिन्याचा असो की त्याहून लांब असो. मुक्कामाचे दिवसही चालवण्याच्या हिशेबातच धरले आहेत. प्रार्थना करूनही पुढचे काही दिसत नाही तेव्हा ‘देव मार्गदर्शन करत नाही’ असे वाक्य चटकन तोंडून निघते. ‘देव चालवत आहे आणि सध्या थांबवले आहे’ हे वाक्य त्याच परिस्थितीविषयी बोलता येते, आणि मला ते शास्त्राला जास्त धरून वाटते.

विश्वासाचा शब्दही इथे जोडून पाहायला हवा. नीतिसूत्रांतल्या त्या वचनाची सुरुवात मार्गदर्शकापासून होत नाही. आधी येते : ‘तू आपल्या अगदी जिवेभावे परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ ‘भाव ठेवणे’ हा खास मराठी भक्तीतला प्रयोग. स्तोत्रांत आणि नीतिसूत्रांत तो पुन्हा पुन्हा भेटतो, तर नव्या करारात ‘विश्वास’ हा शब्द प्रामुख्याने येतो. ‘अवलंबून राहू नकोस’ याचा अर्थ बुद्धी बाजूला ठेव असा कोणी करू नये. त्याच नीतिसूत्रांत ज्ञान मिळव, सुज्ञता मिळव असा घोषा आहे. संपूर्ण भार कशावर टाकायचा, एवढाच तिथे प्रश्न आहे. सदतिसावे स्तोत्र ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे’ म्हणते तेही याच अर्थाने. अब्राहामाविषयी इब्री लोकांस पत्र सांगते, की आपण कोठे जातो हे ठाऊक नसताना तो निघाला. त्याच्या हातात वाटेचा तपशील नव्हता. बोलावणाऱ्यावर त्याचा भाव होता.

अलीकडे काही प्रार्थनांत ‘अगुवाई’ (पुढे होऊन नेणे) हा शब्दही ऐकू येतो. तो हिंदीतून आला आहे. समजायला अडचण नाही, पण ‘चालव’ इतका सोपा शब्द घरात असताना त्याची गरज मला भासत नाही.

एक गोष्ट मात्र जबाबदारीने सांगितली पाहिजे. ‘प्रभूने मला चालवले’ हे वाक्य भूतकाळात जितके शोभते तितके ऐन निर्णयाच्या क्षणी शोभत नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे लोकांना चाळीस वर्षांच्या रानातल्या वाटेची आठवण ठेवायला सांगतो, म्हणजे मागे वळून पाहायला सांगतो. पुढच्या वाटेसाठी आपल्याजवळ प्रार्थना असते : ‘प्रभू, मला चालव.’ निर्णय व्हायच्या आधीच ‘प्रभू मला इकडे चालवत आहे’ असे ठासून म्हटले, की आईवडील, पाळक, जिवलग मित्र, सगळ्यांची तोंडे बंद होतात. देवाच्या नावापुढे कोण बोलणार? ‘प्रभूने मला सांगितले’ या वाक्याने तर चर्चाच संपते. पहिल्या मंडळीत असे नव्हते. प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय पाहा. आशियात वचन सांगण्यास पवित्र आत्म्याने मनाई केली, बिथुनियाकडे जाऊ दिले नाही, मग त्रोवस इथे रात्री पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण देव आपल्याला तिकडे बोलावतो आहे हे अनुमान ‘आम्ही’ काढले, असे लूक लिहितो. त्याआधीच्या अध्यायात यरुशलेमेतल्या पत्रात ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला’ योग्य वाटले असे शब्द आहेत, आणि ते पुष्कळ वादविवाद होऊन गेल्यावरचे आहेत. ‘सर्व गोष्टींची पारख करा’ ही पौलाची आज्ञा आपल्या मनातल्या प्रेरणांनाही लागू आहे. वचनाशी ताडून पाहणे, प्रार्थनेत थांबणे, अनुभवी विश्वासणाऱ्यांना विचारणे, यांतून गेलेला माणूस ‘चालवले’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला वजन येते.

शेवटी त्या बहिणीच्या मूळ वाक्याकडे. शिक्षकांच्या कानाला काहीतरी खटकले ते पूर्णपणे निराधार नव्हते, पण मला वाटते खटकण्याची जागा ‘चालवले’ नसून ‘निर्णयात’ आहे. मराठीत चालवणे वाटेने होते, मार्गाने होते, रानातून होते, अमुक ठिकाणापर्यंत होते. ‘निर्णयात चालवणे’ ही जोडणी मराठी कानाला अवघड जाते, कारण निर्णय ही चालण्याची जागा नाही. त्याऐवजी ‘प्रभूने मला या निर्णयापर्यंत आणले’ किंवा ‘निर्णय घेताना प्रभूने मला हाताला धरून चालवले’ असे म्हणावे. लिहिताना ‘चालवले’ आणि ‘चालविले’ ही दोन्ही रूपे चालतात. जुन्या गीतांत ‘वि’ दिसेल, आजच्या बोलण्यात ‘व’. वाक्य भावे प्रयोगातले असल्यामुळे साक्ष देणारा भाऊ असो, बहीण असो की सारे कुटुंब असो, क्रियापद बदलत नाही : प्रभूने मला चालवले, प्रभूने आम्हांला चालवले.