जुन्या साड्या, ब्लाउज, कुर्ते ऑनलाइन विकायचे आहेत. मापं आणि फोटो नेमके कसे घ्यायचे?

तुम्ही लिहिलंय की आईच्या काही रेशमी साड्या, त्यांवरचे शिवलेले ब्लाउज आणि तुम्हाला न होणारे कुर्ते-जीन्स विकायला काढायचेत, आणि "फोटोत वेगळं दिसत होतं" म्हणून कोणी परत पाठवेल याची धास्ती आहे. मी डोंबिवलीत घरूनच वापरलेले कपडे विकते, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. पार्सल परत येतं त्याची कारणं बहुतेक तीनच असतात: ब्लाउज झाला नाही, रंग वेगळा निघाला, न सांगितलेला डाग सापडला. त्याच क्रमाने सांगते. फोटो देखणे येणं हे त्यानंतरचं.

सगळ्यात आधी टेप तपासा. शिंप्याची टेप ६० इंची असते, वापरून वापरून ताणते, आणि पितळी टोक सैल झालं की पहिल्या इंचातच घोळ होतो. शाळेच्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून बघा. जुळत नसेल तर नवी आणा, फार पैसे पडत नाहीत.

मापांची सुरुवात ब्लाउजपासून करा. साडी कोणालाही होते, ब्लाउज एकीलाच होतो. आणि ब्लाउज कुर्त्यासारखा सपाट पसरून "काखेपासून काखेपर्यंत, गुणिले दोन" असा मोजता येत नाही. कटोरी असो, प्रिन्सेस कट असो की साधे चार टक्स, पुढचा भाग फुगलेला राहतो आणि माप एखाद-दीड इंचाने चुकतं. हूक उघडा, ब्लाउज उलटा करून पाठ खाली ठेवून पसरा. टेप हुकापाशी धरा, कापडाला चिकटून एका काखेखालून पाठीवर, तिथून दुसऱ्या काखेखालून पलीकडच्या काजापर्यंत न्या. हुकापासून काजापर्यंत मोजलं की पट्ट्या एकमेकींवर चढतात तो भाग आपोआप वजा होतो. असंच एकदा छातीवर आणि एकदा खालच्या पट्टीवर. मग उंची, खांदा, मुंढा (बाही जोडते तो काखेचा गोल), बाहीची लांबी, बाहीचा घेर, पुढचा आणि मागचा गळा किती खोल. यातलं बाहीच्या घेराचं माप लोक हमखास विसरतात, आणि तक्रार नेमकी तीच येते: छातीत झाला, दंडात अडकला.

यानंतर जे सांगते ते फार कमी विकणारे लिहितात, आणि माझ्या मते ब्लाउज त्यावरच विकला जातो. आत माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड, किती आहे? दोन्ही बाजूंच्या शिवणीत कापडाचे दोन-दोन थर, म्हणजे एकूण चार कडा. प्रत्येक कडेला एक इंच माया असेल तर पाव इंच नव्या शिवणीला सोडून पाऊण इंच हाती लागतो. चार वेळा पाऊण म्हणजे तीन इंच. म्हणजे ३४चा ब्लाउज ३७पर्यंत सैल करता येतो. मात्र बाहीतही माया हवी, नाहीतर छाती उसवून उपयोग नाही. शिवाय जुन्या रेशमात आतली माया गडद आणि बाहेरचं कापड विटलेलं असतं, ब्रोकेडवर जुन्या टाक्यांची भोकं राहतात. हेही लिहा. ब्लाउज उलटा करून, शिवणीवर टेप ठेवून एक फोटो काढा. तो दिसायला कसाही असो, विचारणा त्याच फोटोवर येते.

"३६ साइझ आहे का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला माझं एकच उत्तर असतं: तुम्हाला नीट बसणारा ब्लाउज काढा, मी मोजला तसाच मोजा आणि आकडे ताडून बघा. अंगाचं माप मागू नका. अंगाचं माप कोण ओढणीवरून घेतं, कोण श्वास रोखून.

कुर्त्यांचं काम सोपं आहे. बटणं लावा, सुरकुत्या हाताने सारख्या करा, ताणू नका. काखेच्या शिवणीखाली एक इंचावर आडवं माप घ्या, मग कंबर, आणि बाजूच्या कटच्या वर जिथे शिवण संपते तिथे सीटचं माप. बऱ्याच जणींचा कुर्ता छातीत होतो आणि सीटवर अडतो. आकडा लिहिताना "सपाट १९ इंच, घेर ३८ इंच" असे दोन्ही लिहा आणि हे कपड्याचं माप आहे हे स्पष्ट सांगा. नाहीतर ३८ छातीची बाई ३८ घेराचा न ताणणारा सुती कुर्ता घेईल आणि हात वर करताना तो उसवेल. साध्या कुर्त्याला अंगापेक्षा निदान दोन इंच जास्त लागतात. लेबलवरचा एम किंवा एल लिहायला हरकत नाही, त्याच्यावर विसंबू नका. दोन ब्रँडचे एम एकसारखे नसतात. भारतीय अंगांची मापं घेऊन देशाचा स्वतःचा साइझचार्ट करावा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेला 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घ्यावा लागला, आणि त्यासाठी थ्रीडी स्कॅनरने सुमारे २५ हजार लोकांची मापं घ्यायचं ठरलं, यावरून काय ते समजा.

जीन्स: कंबर मोजताना पुढचा आणि मागचा पट्टा एका रेषेत आणा, नाहीतर पुढचा भाग खाली झुकतो आणि माप वाढतं. आतली लांबी, मांडी, पायाची मोहरी (खालचा घेर). इलास्टिक असेल तर ताणून आणि न ताणता, दोन्ही आकडे. बस.

साडीला मापं लागत नाहीत असं समजू नका. एक वार म्हणजे ३६ इंच, त्या हिशेबाने सहावारी साधारण साडेपाच मीटर आणि नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. ब्लाउजपीस अजून जोडलेला असेल तर सहावारी सहा मीटरच्या वर जाते. म्हणून लांबी मोजली की ब्लाउजपीस कापलाय की नाही हेही कळतं. आईच्या साड्यांबद्दल हे आपल्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं. काठाच्या कडेने मीटर-मीटर सरकत मोजा, ओढू नका. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, नक्की लिहा. तो साधारण ४४ ते ४८ इंच असतो, पण जुन्या साड्यांत कमीही निघतो आणि उंच बायका हाच प्रश्न आधी विचारतात. फॉल लावलेला आहे का, पिको केलेलं आहे का, तेही. जुना फॉल काढायच्या भानगडीत पडू नका, टाक्यांची रांग दिसत राहते.

आता रंग. यावर वेळ घालवला तर तो वसूल होतो.

संध्याकाळी ट्यूबलाइट लावून, अर्धा खिडकीचा उजेड येत असताना काढलेला फोटो कुठल्याच अ‍ॅपमध्ये सुधारत नाही, कारण साडीच्या दोन बाजूंचे रंग वेगवेगळे आलेले असतात. घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीशी किंवा बाल्कनीत सावलीत काढा, थेट उन्हात नको. भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिचा रंग साडीवर पडतो. पांढऱ्या भिंतीची खोली शोधा, नाहीतर शेजारी पांढरी चादर टांगा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड मऊ असतो, सुरकुत्या कमी दिसतात, पण फोटो थोडे निळसर येतात. प्रत्येक साडीच्या एका फोटोत कोपऱ्यात साधा पांढरा कागद ठेवा. कागद निळा दिसला तर साडीही निळी दिसतेय हे तुम्हालाही कळेल आणि बघणारीलाही.

फोन स्वतःच शहाणपणा करतो. गडद साडी समोर आली की तो फोटो उजळ करतो, काळी चंद्रकळा राखाडी होते. पांढरा चिकनचा कुर्ता दिसला की उलट, तो मळका दिसतो. स्क्रीनवर कपड्याला बोट लावा, शेजारी सूर्याची खूण येते, ती गडद कपड्याला खाली आणि पांढऱ्याला वर सरकवा. फिल्टर, ब्युटी, दृश्य ओळखून रंग भडक करणारी सेटिंग, सगळं बंद. पोर्ट्रेट मोड तर मुळीच नको, तो काठ धूसर करतो. फ्लॅशने जरीकाम पांढरंफटक होतं. राणी, जांभळा, वांगी आणि मोरपंखी हे रंग फोनला नीट पकडता येत नाहीत, तिथे शब्दांत लिहाच: "फोटोत दिसतो त्यापेक्षा अंजिरीकडे झुकणारा." डाळिंबी, अबोली, मोतिया म्हटलं की आपल्या बायकांना जेवढं कळतं तेवढं चार फोटोंनीही कळत नाही. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे एका फोटोने भागत नाही. समोरून एक, बाजूने तिरपा एक.

जवळ जाऊन काढू नका. फोनची नेहमीची लेन्स बरीच रुंद असते, जवळून काढलं की कुर्ता वर रुंद आणि खाली निमुळता दिसतो. दोन पावलं मागे या आणि २एक्स झूम वापरा. जमिनीवर पसरून काढायचं तर स्टुलावर उभं राहून फोन जमिनीला समांतर धरा, सावली पडू देऊ नका. फुलाफुलांची चादर, देव्हारा, गॅस सिलेंडर, सुकत घातलेले टॉवेल चौकटीबाहेर. आणि फोनची काच आधी पुसा. सांगायला लाज वाटते, पण निम्मे धुरकट फोटो तेवढ्यानेच सुधारतात.

तिसरी गोष्ट दोषांची. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली की घडीवर विरते. वरून धडधाकट दिसते आणि नेसताना चर्रकन फाटते. प्रत्येक घडी खिडकीसमोर धरून उजेड आरपार बघा. विरलेली असेल तर उजेडातलाच फोटो द्या. कसरीची बारीक भोकंही तशीच सापडतात. डागाचा फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढा, आणि जागा अंतरात सांगा: "पदराच्या टोकापासून पावणेदोन मीटरवर, खालच्या काठाजवळ." नेसणारीला लगेच समजतं की तो निऱ्यांत जाणार, खोचला जाणार की खांद्यावर येणार. कंबरेपाशी परकराचा रंग लागलाय का, ब्लाउजला काखेत घामाचा डाग आहे का, जरीकाम काळं पडलंय का, तेही बघा. डांबरगोळ्यांचा वास फोटोत येत नाही म्हणून तो शब्दांत लिहायचा. आधी चार दिवस सावलीत वाऱ्यावर टाका.

पैठणी असेल तर उलट्या बाजूचा फोटो दिल्याशिवाय "हातमागाची" हा शब्द वापरू नका. येवला-पैठणच्या हाती विणलेल्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया, वेली मागूनही जवळजवळ तशाच स्वच्छ दिसतात. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. दोघींच्या किमतीत फार मोठा फरक असतो आणि जाणकार बाई पहिला फोटो मागचाच मागते. सिल्क मार्कचं लेबल किंवा जुनं बिल असेल तर त्याचाही फोटो काढा, फक्त बिलावरचं नाव-पत्ता झाका. सिल्क मार्क रेशमाची शुद्धता सांगतो, हातमागाची खात्री देत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. काहीच लेबल नसेल तर लोंबता एखादा धागा वाटीत जाळून बघा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

साडीचे फोटो मी असे लावते: पूर्ण पदर, काठ आणि अंग एकत्र, बुट्टी जवळून, उलटी बाजू, ब्लाउजपीस, मग सगळे दोष. शिवाय पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडी सरकवत काढलेला न कापलेला एक व्हिडिओ. मजकूर साधारण असा:

"डाळिंबी रेशमी साडी, हिरवा काठ. लांबी ५.४ मीटर, पन्हा ४५ इंच, ब्लाउजपीस कापलेला. फॉल-पिको केलेलं. पदरापासून पावणेदोन मीटरवर तेलाचा नाण्याएवढा डाग, फोटो ५. घड्या तपासल्या, विरलेली नाही. सोबत शिवलेला ब्लाउज: छाती ३४, बाहीचा घेर ११, बाजूला माया प्रत्येक कडेला १ इंच, बाहीत अर्धा इंच. धुतलेली नाही, ड्रायक्लीन केलेली."

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा, नाहीतर विणकाम पुसट होतं. अंगावर घालून फोटो काढलात तर चेहरा कापा, आणि मागे सोसायटीची पाटी किंवा आरशात घरचं कोणी येत नाही ना बघा. ओएलएक्ससारख्या ठिकाणी पाच मिनिटांत, मापही न विचारता "घेतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" म्हणणारा भेटला तर तिथेच थांबा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.