हात दिसला की चावतो

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी तीन महिन्यांपूर्वी कॉकटेल (कॉकाटील) हा तुरेवाला छोटा पोपट आणला. राखाडी, गालांवर नारिंगी ठिपके. दुकानदार म्हणाला, आठवड्यात खांद्यावर बसेल. इथे पिंजऱ्यात हात घातला की फिस्कारतो आणि चावतो. सासूबाई स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी नुसत्या गवार मोडत बसतात, तर त्यांना बघून शीळ घालतो! माझं काय चुकतंय? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंचं काय बरोबर आहे ते बघा ना. गवार मोडणारा हात आपल्याला धरायला येत नाही, हे त्याला कळलंय. तुमचा हात पिंजऱ्यात शिरतो तो काहीतरी करायलाच. वाटी काढायला, ट्रे ओढायला, नाहीतर त्याला बोटावर घ्यायला.

मीही माझा पहिला कॉकटेल असाच बिघडवला. जाड हातमोजा घालून धरायचे. मला चावणं लागत नव्हतं, म्हणून वाटायचं जमतंय. पुढे वर्षभर तो हातमोजा कपाटातून नुसता बाहेर काढला तरी बिचारा जाळीवर आपटत फिरायचा.

पंधरा दिवस साफसफाई आणि दाणापाणी सोडून हात आत नको. सासूबाईंसारखं शेजारी बसा. त्याच्या रोजच्या वाटीतले राळे, म्हणजे दुकानात कांगणी म्हणतात ते, बंद करा. बाकीचं खाणं तसंच राहू द्या. राळ्याचं कणीस फक्त तुमच्या हातून, आधी जाळीबाहेरून, मग उघड्या दारातून. तो न बिचकता खायला लागला की कणसाच्या अलीकडे बोट आडवं धरा, ‘ये’ म्हणा आणि थांबा. बोट पोटाशी ढकलायचं नाही. चढला तर दाणे, नाही चढला तर नाही. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा पुरे. त्याला अजून हवंसं वाटत असतानाच उठा.

तुऱ्याकडे लक्ष ठेवा. तुरा डोक्याला चपटा चिकटवून फिस्कारतोय म्हणजे ‘लांब हो’. ताठ उभा म्हणजे दचकलाय. सैल, किंचित मागे कललेला असेल तेव्हाच हात पुढे. चावण्याआधी तो मान मागे घेतो, तिथेच तुम्ही थांबलात तर चावायची वेळ येत नाही. तरी चावलाच तर झटकू नका, ओरडूही नका. ओरडण्याची काहींना मजाच वाटते.

आणि पिंजरा स्वयंपाकघरात असेल तर आजच हलवा. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याची वाफ पक्ष्याला काही मिनिटांत मारते. सासूबाईंची गवारही त्याच्यामागोमाग बाहेर जाऊ दे!

प्रश्न : झाडाच्या ढोलीतून राघूचं पिल्लू आणलंय. बोलायला कधीपासून शिकवू? – एक वाचक, वर्धा

उत्तर : शिकवू नका. आमच्याही ओसरीवर लहानपणी राघू होता, त्यामुळे उपदेश करताना जीभ जरा अडखळते. पण आपले हिरवे पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणं, विकणं, पाळणं, तिन्ही गुन्हे आहेत. कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याची गोष्ट वेगळी. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि पिल्लू नेमकं कुठल्या झाडावरचं ते सांगा. माणसं येईपर्यंत खोक्यात कापड घालून उबेला ठेवा. दूध-भात मात्र भरवू नका, पक्ष्यांना दूध पचत नाही.