‘मॅन्सी’पासून सुरुवात करा

पन्नास जुन्या इंग्रजी शब्दांची यादी एकदम पाठ करायला घेऊ नका, चार दिवसांत कंटाळाल. एकच मूळ धरा. नवख्यांना मी ‘मॅन्सी’ (-mancy) ही शब्दाची शेपटी सुचवतो. ती आली ग्रीक ‘मान्तेइआ’वरून, म्हणजे भविष्य सांगणं.

- ओनायरोमॅन्सी: स्वप्नांवरून.
- टायरोमॅन्सी: चीजवरून. हो, खरंच!
- अलेक्ट्रिओमॅन्सी: कोंबड्यावरून. जमिनीवर अक्षरं मांडायची, प्रत्येकावर दाणे ठेवायचे. कोंबडा ज्या क्रमाने टिपेल तो कौल. आपल्या पोपटवाल्या ज्योतिषाचा चुलतभाऊच म्हणा ना.

नवशिके हमखास फसतात ते शेपटीला. शेवट सारखा ऐकू आला की मूळ तेच, असं धरून चालतात. ‘रोमान्स’चा इथे काडीचाही संबंध नाही, तो ‘रोमन’वरून आला. दुसरी खोड, अंदाजाने अर्थ लावायचा. ‘नेक्रोमॅन्सी’तला ‘नेक्रोस’ म्हणजे मृत; मध्ययुगात लोकांनी त्यात लॅटिन ‘नायगर’, म्हणजे काळा, घुसवला आणि ती ‘काळी विद्या’ झाली. त्यामुळे शब्दकोशातली व्युत्पत्ती बघितल्याशिवाय वहीत काही उतरवू नका. आधी फोड लिहा, मग अर्थ.

ग्रीक व्याकरण सध्या राहू द्या. आठवड्याला तीन शब्द भरपूर झाले. ‘पायरोमॅन्सी’ मुद्दाम सोडलाय, त्याची फोड तुम्ही करून दाखवा.